सुई गेली, घास राहिला

अल्गानेशच्या जिभेला सगळं गाव वचकून असे. बाजारात तिच्याकडून लाल मिरची घेणाऱ्या बायका घासाघीस करत नसत, कारण घासाघीस केली की मिरचीबरोबर सात पिढ्यांचा उद्धार पदरात पडे. आणि नवरा पाहावा तर गरीब गाय. आबा येहुनी, मिकाएल देवदूताच्या देवळाचा पुरोहित. डोक्याला पांढरं पागोटं, हातात लाकडी क्रूस, आणि कुणी वाकडं बोललं तरी तोंडात एकच, देव तुमचं भलं करो. लोक म्हणायचे, दोघांत मिळून एक तोंड द्यायचं होतं, ते देवानं सगळं बायकोलाच देऊन टाकलं.

पण आबानं गाभाऱ्यात सूर लावला की हीच अल्गानेश खांबाला टेकून चिडीचूप उभी राहायची. आवाज असा, की पडद्याआडून येतोय हे विसरायला व्हायचं. लहानपणी दारोदार भाकरी मागून देवळाच्या शाळेत शिकलेला पोरगा तो, सगळी प्रार्थना त्याला तोंडपाठ. दीक्षा घेण्याआधी त्याचं अल्गानेशशी लग्न लागलं, आणि पुरोहिताचं लग्न एकदाच. दोघांनी मिळून कुर्बान घेतलं, म्हणजे देवाघरची पवित्र भाकरी आणि द्राक्षरस. त्यानंतर काडीमोड नाही, बायको मेली तर दुसरी नाही. अल्गानेश म्हणायची, देवानं आम्हाला आत घालून कुलूप लावलंय आणि किल्ली घेऊन गेलाय, आता भांडून तरी काय उपयोग. तरी भांडायची.

एक मुलगी झाली होती त्यांना. आमच्याकडे मुलीचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी होतो, आणि ही त्याच्या आधीच गेली. बाप्तिस्मा नाही म्हणून तिच्यासाठी मर्तिकाची प्रार्थना नाही, देवळाच्या आवारात जागाही नाही. कुंपणाबाहेर, ऑलिव्हच्या झाडाखाली बापानंच खड्डा खणला. पुन्हा काही त्यांना मूल झालं नाही. या एका विषयावर मात्र अल्गानेश कधी कुणाशी बोलली नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

आबाला चाळिशी उलटली आणि तो वाळायला लागला. घागरभर पाणी पिऊनही तहान जाईना, रात्रीतून उठून उठून बाहेर जायचा, आणि अंगावरची शाल खुंटीला टांगल्यासारखी दिसायला लागली. गाव म्हणालं, नजर लागली, आवाजाला नजर लागली. पवित्र पाण्याच्या झऱ्यावर नेलं, तिथं थंडीत अंगावर पाणी ओतून घेतलं, गळ्यात ताईत बांधला. शेवटी एक दिवस तो दारातच कोसळला. तेव्हा अल्गानेशनं कुणाला न विचारता चार माणसं गोळा केली, खांद्यावर डोली घातली आणि खालच्या शहरातलं इस्पितळ गाठलं. साखरेचा आजार निघाला. आयुष्यभर सुई घ्यावी लागणार होती.

तिथल्या सिस्टर हिरुत यांनी तिला सुई द्यायला शिकवलं. औषधाची बाटली थंड कशी ठेवायची तर मातीच्या मडक्यात ओली वाळू घालायची, मडकं घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पुरायचं, हेही शिकवलं. आणि एक गोष्ट सिस्टरनं तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. सुई दिली की जेवण द्यायचंच. पोटात अन्न असलं तर हे औषध, नसलं तर विष.

विष म्हणजे काय ते तिला कापणीच्या दिवसांत कळलं. सुई घेऊन, जरासं खाऊन आबा शेतावर गेला आणि उन्हात सकाळभर तेफचं पीक कापत राहिला. दुपारी ही भाकरी घेऊन गेली तर हा विळा फेकून खदाखदा हसतोय, गार वाऱ्यात घामानं निथळतोय आणि हिला नाही नाही त्या शिव्या देतोय. ज्याच्या तोंडून कधी 'अगं मेले' निघालं नाही, तो! तिला आधी वाटलं, प्यायलाय. मग सिस्टरचं बोलणं आठवलं. साखर पुढं केली तर नको म्हणून तिचा हात झटकला. साखर उतरली की माणूस साखरेलाच नको म्हणतो, ही त्यातली सगळ्यात वाईट खोड. तिनं त्याला खाली पाडलं, छातीवर बसली आणि मूठभर साखर तोंडात कोंबली. थोड्या वेळानं तो उठून बसला आणि म्हणाला, मी काय केलं? तेव्हापासून शालीच्या टोकाला साखरेची गाठ बांधल्याशिवाय अल्गानेश घराबाहेर पडली नाही.

आता खरी अडचण पाहा. आमच्याकडे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस उपासाचे. आणि गाभाऱ्यात उभं राहणाऱ्याला तर आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही चालत नाही. आजाऱ्याला उपास माफ आहे, धर्मच तसं सांगतो. देवळाचे मुख्य पुरोहित आबा गेलाव हे म्हातारे, खाष्ट, पण मनानं चांगले. त्यांनी येहुनीला बोलावून सांगितलं, तू खा आणि बाहेर उभा राहून गा, गाभारा आता तुझ्यासाठी नाही. येहुनीनं मान डोलावली. तेव्हापासून उपासाच्या दिवशी तो सकाळी दार लावून खायचा. चोरी करावी तसा खाली मान घालून खायचा, आणि अल्गानेश दाराशी राखणीला उभी राहायची. कुणी हाक मारली तर म्हणायची, झोपलेत.

असंही निभलं असतं. पण दुसरे एक पुरोहित होते, आबा तेबेजे. त्यांना शहरातल्या मोठ्या देवळात जागा मिळाली आणि ते बिऱ्हाड घेऊन गेले. आमच्या पूजेला पाच जण लागतात, दोन पुरोहित आणि तीन सेवक. चार असले तर पूजा होत नाही, मग ते चार कितीही पुण्यवान असोत. सेवक तीन होते, पुरोहित उरले एकटे गेलाव. मिकाएलच्या देवळाला रविवारी कुलूप लागलं. लोकांना दरी उतरून पलीकडच्या गावी जावं लागे. आणि मग विहिरीवर कुजबुज सुरू झाली, की एका माणसाच्या पोटापायी मिकाएल कोंडला गेलाय.

अल्गानेशनं ऐकलं आणि जी बोलली, जी बोलली, की दोन बायका घागरी टाकून पळाल्या. पण पाण्यात राहून माशाशी वैर किती दिवस करणार? ते बोलणं आबाच्याही कानावर गेलंच. पुढच्या रविवारी अंघोळ करून, पागोटं बांधून निघाला आणि जाताना म्हणाला, आज सुई नको, मी आल्यावर दे. मग तसंच चालू झालं. पूजा असेल त्या दिवशी सुई दुपारनंतर. साखर चढत गेली, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. तपासणीला गेल्यावर डॉक्टर तिथं सगळ्यांदेखत तडकले. पाय कापून घ्यायचाय का, म्हणाले. सुई रोज सकाळी, एकही चुकवायची नाही. आबानं क्रूसावर हात ठेवून शब्द दिला. गाभारा पुन्हा सोडला आणि देवळाला पुन्हा कुलूप लागलं.

तो शब्दाचा पक्का होता, आणि तेच नडलं. लबाड माणूस असता तर वाचला असता.

वसंतातला मोठा उपास चालू होता. सकाळची वेळ होती. अल्गानेशनं मडक्यातून बाटली काढली, हातावर फिरवून ऊब दिली, आबाच्या दंडाला सुई दिली. चुलीवर पिठलं रटरटत होतं, तव्यावरची इंजेरा, म्हणजे तेफची भाकरी, निघायचीच होती. आबा पाय धुऊन बसणार, एवढ्यात दारात एतागू म्हातारी आली. शेजारचीच, वरच्या आळीतली. हातात शालीत गुंडाळलेली नात होती.

पोरीचा ऐंशीवा दिवस आजच होता. पलीकडच्या गावी नेऊन बाप्तिस्मा करायचं ठरलं होतं, सगळी तयारी झाली होती. पण काल सांजेपासून पोरीला श्वास लागला होता. छातीच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या आणि ओठ निळे पडले होते. दरी उतरून पल्याडपर्यंत ती पोचणार नाही, असं सगळेच म्हणत होते. खालच्या शहरात नेऊ, असं पोरीचा बाप म्हणाला होता, पण आधी देवाच्या हाती दिल्याशिवाय हलवायची नाही, असं म्हातारीनं धरून ठेवलं होतं. एतागू म्हणाली, आबा, पाण्याचा संस्कार गेलावबाबा एकटे करतील, पण कुर्बानचा थेंब जिभेवर पडल्याशिवाय बाप्तिस्मा पुरा होत नाही, त्याला पूजा हवी, आणि पूजेला तुम्ही हवेत. मग ती दारातच बसली. म्हणाली, कुंपणाबाहेर नका पाठवू माझ्या पोरीला.

त्या दोघांपुढं हे बोलायला नको होतं. म्हातारी मुद्दाम बोलली की दुःखाच्या भरात, देव जाणे.

आबा उठला. अल्गानेश आडवी आली. म्हणाली, अहो, सुई आत गेलीय.

"सुई गेली, घास नाही गेला," तो म्हणाला. "कालपासून तोंड कोरं आहे माझं. सुई काही अन्न नाही."

"सिस्टर काय म्हणाल्या होत्या? विष म्हणाल्या होत्या."

"मागं कितीतरी रविवार उभा राहिलोच की दुपारपर्यंत."

"तेव्हा सुई घेतली नव्हती तुम्ही!"

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाळाकडे पाहिलं. चुलीजवळ मधाचं भांडं होतं. बोटभर मध त्याच्या तोंडात घातला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. तोंड बाटलं असतं, पूजा गेली असती, नवरा राहिला असता. तिचा हात भांड्यापर्यंत गेलाही होता. पण तेवढ्यात पोर रडली. रडली म्हणजे काय, मांजराच्या पिलासारखा आवाज केला. अल्गानेशनं हात मागं घेतला. इकडे आड तिकडे विहीर. आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ उचलली नाही, आणि आबा निघून गेला.

देवळाचं कुलूप निघालं. गाव गोळा झालं. मोठ्या उपासात पूजा दुपार कलल्याशिवाय संपवता येत नाही, हा नियम. मरणाऱ्या बाळासाठीही तो वाकत नाही. आधी बाप्तिस्मा झाला. आबा गेलावांनी पोरीला पाण्यातून काढलं आणि नाव ठेवलं वलेता मिकाएल, म्हणजे मिकाएलची लेक. मग गाभाऱ्याचा पडदा ओढला गेला आणि पूजा सुरू झाली. अल्गानेश बायकांच्या बाजूला, पडद्याच्या जितकं जवळ उभं राहता येईल तितकी जवळ उभी राहिली. आत बाईमाणसाला जाता येत नाही. तिच्यापाशी फक्त कान होते.

सुरुवातीला आवाज नेहमीसारखा होता. बराच वेळ तसाच होता, तेव्हा तिलाही वाटलं, निभेल. मग एका ओळीपाशी तो अडला. तीच ओळ पुन्हा म्हटली, मग पुन्हा. आबा गेलावांनी खालच्या आवाजात पुढचा शब्द दिला तेव्हा गाडी पुढं सरकली. शेजारच्या बायका डोळे पुसायला लागल्या. एकजण म्हणाली, बघा कसा भरून आलाय, किती दिवसांनी गाभाऱ्यात उभा राहिलाय बिचारा. त्याच्या रडण्याचा आवाज अल्गानेशला माहीत होता. हा तो नव्हता. शब्द जिभेला चिकटत होते.

सेवक धूप घेऊन बाहेर आला तशी तिनं शालीची गाठ सोडून साखर त्याच्या हातात कोंबली आणि सांगितलं, आबांना दे, आत्ताच्या आत्ता, गेलावबाबांना सांग मी म्हटलंय. तो गांगरला. हातात साखर घेऊन गाभाऱ्यात जाणं म्हणजे काय, त्यालाही कळत होतं. तरी तो आत गेला. थोड्या वेळानं पडद्याच्या फटीतून त्यानं साखर परत दिली आणि कुजबुजला, "नको म्हणतात. हात झटकला माझा. गेलावबाबा म्हणतात, कुर्बानची वेळ आलीच आहे, तेवढा वेळ जाऊ दे."

हात झटकला, म्हणजे शेतावरचं तेच. आता तो आबा बोलत नव्हता, त्याची उतरलेली साखर बोलत होती. पण हे पडद्याआड कोणाला सांगणार? ओरडावं? ओरडली तर पूजा मोडते. पूजा मोडली तर जिभेवर थेंब न पडता पोर जाते. आत शिरावं? बाई गाभाऱ्यात शिरली तर देऊळ पुन्हा शुद्ध करेपर्यंत बंद. आलीच वेळ, आलीच, असं ती मनाशी घोकत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

वेळ आली. पुरोहितांनी आधी स्वतः कुर्बान घेतलं, मग पडदा बाजूला झाला. आबा येहुनी चमचा घेऊन दाराशी आला. दोन्ही बाजूंनी सेवकांनी त्याला धरलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता आणि दाढीवरून घाम टपकत होता. एतागूनं पोर पुढं केली. चमचा थरथरला, पण थेंब जिभेवर पडला. गावानं सुटकेचा श्वास सोडला. त्याचे डोळे अल्गानेशवरून फिरले आणि तसेच पुढं गेले, ती कुणीच नसल्यासारखे. आता उपास सुटला होता, आता त्याला काहीही देता आलं असतं. ती गर्दीतून रेटत पुढं झाली, पण तोवर त्यांनी त्याला आत वळवलं होतं आणि पडदा ओढला होता. शेवटच्या प्रार्थना राहिल्या होत्या.

आत काहीतरी धाडकन पडलं. आबा गेलावांचा आवाज थांबला, मग कापत कापत पुढं चालू झाला. सुरू केलेली पूजा टाकता येत नाही. ती पूर्ण झाल्यावरच येहुनीला बाहेर आणलं.

तो हातपाय झाडत होता, दात आवळलेले, तोंडाला फेस. म्हातारे म्हणाले, कुर्बान पोटात गेलं म्हणून सैतान बाहेर पडतोय, पाणी आणा. पवित्र पाणी आणलं, अंगावर ओतलं, कपाळावर क्रूस दाबला, चार गड्यांनी हातपाय धरले. अल्गानेश किंचाळत होती की साखर द्या, आणि दोघीजणी तिला मागं ओढत होत्या की बाई, देवाचं काम चाललंय, मध्ये येऊ नकोस. एकीच्या हाताला ती कडकडून चावली. गावच्या मानकऱ्याला तिनं थोबाडीत मारली. कशीबशी नवऱ्यापर्यंत पोचली, साखर पाण्यात कालवून गालाच्या आतून चोळली, पण जबडा उघडेना आणि गिळणार कोण? डोली बांधून गाडीरस्त्यापर्यंत नेलं, तिथून तीन चाकांच्या बजाजमधून इस्पितळात. सिस्टर हिरुत यांनी शिरेतून साखर चढवली आणि विचारलं, केव्हापासून असा आहे? अल्गानेशनं सांगितलं. सिस्टरनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी आबानं डोळे उघडले. ते उघडेच राहिले, पण त्यातून कोणी पाहत नव्हतं. मेंदू साखरेवर जगतो, सिस्टरनं सांगितलं, फार वेळ मिळाली नाही की जेवढा विझतो तेवढा विझतो. तो चालायला लागला, हात धरला तर. खायला लागला, घास तोंडाशी नेला तर. प्रार्थनेतला एकही शब्द त्याच्यापाशी उरला नाही. फक्त सूर उरला, एकच, तो दिवसभर घशातल्या घशात चालायचा.

पोर मात्र जगली. त्याच संध्याकाळी बाप तिला शहरात घेऊन गेला, औषधं झाली, आणि महिन्याभरात बाळसं धरलं. चांगलं झालं. अल्गानेशलाही चांगलंच वाटलं. न वाटायला ती काही राक्षसीण नव्हती.

राग आला तो पुढच्या गोष्टीचा. एतागूनं गावभर सांगितलं की आबाला गाभाऱ्यात मिकाएल दिसला. देवदूत समोर उभा राहिल्यावर माणसाची शुद्ध राहील कशी? शब्द देवदूतानं नेले आणि बदल्यात पोर दिली. गावाला हे एकदम पटलं. न पटून करतात काय? नाहीतर आपण सगळे तिथं उभे होतो आणि एका माणसाला विझू दिलं, हे पटवून घ्यावं लागलं असतं. दर शुक्रवारी लोक यायला लागले. अंगणात ऊन खात बसलेल्या आबाचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवायचे, त्या सुराला कान लावायचे. अल्गानेश ओरडायची, अरे साखर उतरली होती त्याची, संत कसला! लोक हळूच म्हणायचे, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं. आबा गेलावांनी एकदा देवळात उभं राहून सांगितलं की येहुनी आजारी होता, चूक आमची झाली. लोकांनी त्याला त्यांचा विनय म्हटलं. पुन्हा काही ते बोलले नाहीत. गावाचं नाव झालं होतं, मठातून नवा पुरोहित आला होता, देऊळ भरलेलं असायचं.

पुढच्या वर्षीच्या मोठ्या उपासात, शुक्रवारी, लांबच्या खेड्यातली एक बाई आली. बरोबर तिची मुलगी, सेनाईत, नुकतीच वयात आलेली, हाडं दिसत होती. अंगणात पंधरावीस माणसं बसली होती. ती बाई अल्गानेशच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, हिलाही रोजची सुई लागलीय. इस्पितळवाले म्हणतात, खात जा. पण आम्ही ऐकलं, तुमच्या आबांनी सुई घेऊन उपास धरला आणि देवदूत आला. आज हिनंही सुई घेतलीय आणि तोंडात काही घातलं नाही. पहाटेपासून चालतोय. आबांनी हात ठेवला की निभेल सगळा उपास."

अल्गानेशनं मुलीकडे पाहिलं. सावलीत उभी, वारा गार, आणि कपाळावर घामाचे थेंब. पोर स्वतःच्या शालीला उगाच गाठ मारत होती आणि सोडत होती. अल्गानेशनं साखर आणून पुढं धरली तर मुलगी मान वळवून म्हणाली, नको. आई म्हणाली, शुक्रवार आहे बाई, उपास आहे. बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, नको म्हणते तर कशाला जबरदस्ती. अल्गानेशला ओरडायचं होतं. वर्षभर ओरडून काय झालं तेही माहीत होतं.

ती घरात गेली. आबासाठी झाकून ठेवलेलं ताट, इंजेरा आणि पिठलं, घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांच्या मध्ये आबासमोर बसली. मुलीला हाताला धरून शेजारी बसवलं. मग भाकरीचा तुकडा तोडला, पिठल्यात बुडवून गुंडाळला आणि आबाच्या बोटांत ठेवला. सवयीनं त्याचा हात स्वतःच्या तोंडाकडे निघाला. तिनं मनगट धरून तो मुलीच्या तोंडाकडे वळवला. वडीलधाऱ्यानं हातानं घास भरवला तर आमच्याकडे कुणी तोंड फिरवत नाही. आणि हा तर संताचा हात.

"याला देवदूत दिसला नाही," अल्गानेश म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी याला सुई दिली आणि उपाशी जाऊ दिलं. बाहेर उभी राहून याची जीभ जड होताना ऐकत होते, आणि गप्प बसले. तुझी आई तशी उभी राहायला नको. खा."

मुलीनं आईकडे पाहिलं. आई रडत होती, पण तिनं मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. आबा घशातल्या घशात गात होता, आणि घास तिच्या ओठांशी आला होता. मुलीनं तोंड उघडलं.

माणसं एकेक करून उठली. एतागू जाताना दाराशी थुंकली आणि म्हणाली की हिनं स्वतःच्या नवऱ्याच्या हातून पाप करवलं. पुढच्या शुक्रवारी कुणी आलं नाही, आणि त्यापुढच्याही नाही. पण त्या वेळी अल्गानेशचं तिकडे लक्षच नव्हतं. एकाच घासावर हात थांबवला तर भांडण लागतं म्हणतात, म्हणून ती दुसरा गुंडाळत होती, आणि तो होईपर्यंत मुलीनं तोंड उघडंच ठेवलं होतं.